डाव्या हाताची मूठ

माझी पहिली पोस्टिंग नागपूरजवळच्या छावणीतल्या लष्करी रुग्णालयात झाली. माझ्या कोर्सच्या बाकी मुली जोरहाट, अंबाला, लेह अशा ठिकाणी गेल्या आणि मी नागपूरची मुलगी घरापासून एका बसच्या अंतरावर आले. सगळ्या म्हणाल्या, नशीबवान आहेस. मला तसं वाटलं नाही. घरापासून लांब जाता यावं हे मिलिटरी नर्सिंगमध्ये येण्याचं माझं एक कारण होतं.

सैन्यात नर्सला रँक असते, हे सिव्हिलमधल्या लोकांना अजून सांगावं लागतं. मी लेफ्टनंट होते. माझे वडील हवालदार म्हणून निवृत्त झाले. ते आर्मरर होते, म्हणजे पलटणीच्या रायफली आणि मशीनगन दुरुस्त करणारे. त्यांनी मला नागपूरच्या सदर भागातल्या कॉन्व्हेंटमध्ये घातलं आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं कमी केलं. आपली बोली पोरीच्या जिभेवर बसू नये, असा त्यांचा हिशेब होता. कमिशन मिळाल्यावर मी युनिफॉर्ममध्ये सक्करदऱ्याच्या घरी गेले, तेव्हा त्यांनी दारात उभं राहून मला सॅल्यूट केला. गंमत म्हणून नव्हे. मीही परत केला. मग आम्ही दोघं आत जाऊन बसलो आणि आईने चहा आणला.

मेसमध्ये माझी खोली लेफ्टनंट प्रमिला गजभियेबरोबर होती. ती नागपुरातल्याच इंदोऱ्याची. तिचे वडील मिलमध्ये होते. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा ती आईच्या कडेवर होती, असं ती सांगायची. नगरपालिकेच्या शाळेत शिकलेली, इंग्रजी कामापुरतं, आणि ते चुकलं तरी तिचं काही अडायचं नाही. ती डावरी होती. डाव्या हाताने इंजेक्शन देताना मेट्रनने तिला सुरुवातीला दोनदा हटकलं. नंतर पेशंटच म्हणू लागले, उस सिस्टर को भेजो, उनकी सुई लगती नहीं. मी जे वाक्य मनात तीन वेळा जुळवून मग सोडून देत असे, ते ती सहज बोलून मोकळी व्हायची. वॉर्डमध्ये तिचं नाव सगळ्यांना ठाऊक होतं. मला 'दुसरी सिस्टर' म्हणत.

चाकूचं कारण साधं होतं. हिवाळ्यातल्या एका एक्सरसाइजमध्ये, म्हणजे युद्धसरावात, वादळात आमचा तंबू बसला. दोर ओला होऊन आवळला होता. ड्रेसिंगच्या कात्रीने तो कापता कापता अर्धा तास गेला. सी.ओ. म्हणाले, पुढच्या वेळी प्रत्येकीकडे चाकू हवा. घडीचा नको, सरळ पात्याचा. स्टोअरमध्ये आमच्या हातात मावेल असं काही नव्हतं. म्हणून प्रमिला आणि मी कामठीच्या बाजारातल्या लोहाराकडून ट्रकच्या कमानपट्ट्याची दोन पाती करून घेतली. दोन्ही अगदी सारखी, वीतभर लांब. त्याने विळ्याला बसवतात तशी बाभळीची गोल मूठ दोन्हींना ठोकून दिली.

"तुह्या घरी ने नं एकदा," प्रमिला म्हणाली. "का घरच नाही तुले?"

पुढच्या रविवारी मी तिला नेलं. बाबा ओट्यावर बसले होते. लेफ्टनंट पाहुणी म्हटल्यावर ते उठून ताठ उभे राहिले. प्रमिलाने वाकून नमस्कार केला आणि सरळ त्यांच्या शेजारी बसकण मारली. पाच मिनिटांत तिने पिशवीतून चाकू काढून त्यांच्यासमोर धरला.

बाबांनी पातं अंगठ्यावर घासून पाहिलं. मग मूठ पाहिली.

"पातं बरं आहे. मूठ कोनं केली ही? भोवरा फिरवाचा आहे का?"

"काहून काका, चांगली गोल तर आहे."

"म्हनूनच म्हनतो. धर बरं." तिने धरला. "डावरी आहेस का वं तू?"

"जलमापासून."

"आन पाय, अंगठा किती वर घेऊन राहिली. ओल्या हातानं हे पातं तुह्या मुठीत फिरन, आन तुले समजनबी नाही धार कोनीकडं आहे ते."

त्यांनी तिचा डावा हात आपल्या हातात घेतला, पालथा केला, पुन्हा सरळ केला. बोटांच्या मुळाशी दाबून पाहिलं. मी स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते. माझा हात त्यांनी असा शेवटचा कधी धरला होता ते मी आठवत राहिले. चहावर साय धरली.

मूठ व्हायला तीन रविवार लागले, आणि तिन्ही रविवारी प्रमिला माझ्याआधी उठून माझ्या घरी जायची तयारी करायची. बाबांनी बाभळीची मूठ काढून टाकली. त्यांच्याकडे तिवसाच्या झाडाचं एक जुनं, चिवट लाकूड होतं. त्याला कुऱ्हाडीचा दांडा करायचा म्हणून वर्षानुवर्षं माळ्यावर ठेवलेलं. त्याच्या दोन फळ्या त्यांनी पात्याच्या मागच्या भागावर दोन्हीकडून बसवल्या आणि पितळी खिळे आरपार ठोकले. मग खरं काम सुरू झालं.

ते कंदिलाची काजळी तेलात कालवून तिच्या तळहाताला लावत. ती मूठ घट्ट धरायची आणि सोडायची. लाकडाचा जो भाग जास्त टेकत असेल तिथे काळा ठसा उठायचा. तेवढाच भाग ते कानशीने घासत. पुन्हा काजळी, पुन्हा ठसा. होता होता मुठीला आकार आला: पुढे एक छोटा उंचवटा, म्हणजे बोटं धारेवर घसरू नयेत. मध्ये तळहाताच्या खळग्यात भरणारा फुगवटा, आणि तो फक्त एका अंगाला, डाव्या हाताच्या. शेवटी करंगळीला अडणारा बाक. पॉलिश त्यांनी केलं नाही. जवसाचं तेल पाजलं आणि सुतळीने घासून लाकूड थोडं खरखरीत ठेवलं.

"चमकदार मूठ दुकानात ठेवाले बरी," ते म्हणाले.

परीक्षाही झाली. पलटणीत हत्यार दुरुस्त झालं की ते न वापरता परत करायचं नाही, ही त्यांची जुनी सवय. अंगणात बादली ठेवली. प्रमिलाच्या हाताला साबण लावायला सांगितला, डोळ्यांवर आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी बांधली. खाटेच्या जुन्या नवारीच्या पट्ट्या आणि विहिरीच्या नाड्याचा दोर ओला करून टांगला.

"काप."

तिने कापलं. पुन्हा कापलं. चाकू उलटा धरून कापलं, पाण्यात हात बुडवून कापलं.

"दुखलं कुठं?"

"कुठंच नाही काका."

"खोटं नको बोलू. सगळ्यायलेच कुठं ना कुठं दुखते."

"इथं. अंगठ्याच्या खाली जरासं."

"हां. आता खरी बोलली." त्यांनी पुन्हा कानस उचलली.

"आयो, माह्या सासूलेबी इतकी काळजी नाही राहणार माह्या हाताची," प्रमिला म्हणाली, आणि बाबा हसले. मोठ्याने हसले. आई आतून पाहायला बाहेर आली.

मग प्रमिलानेच विषय काढला. "काका, माधवीच्या चाकूलेबी करा नं अशीच. तिची तर तशीच आहे, भोवऱ्यावानी."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी लेफ्टनंट असल्यासारखं पाहिलं. "तिले लागत असन तर ते सांगन."

मी सांगू शकले असते. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पण मला ते प्रमिलाच्या शिफारशीवर नको होतं. मला ते न मागता हवं होतं.

"माझी ठीक आहे," मी म्हणाले. "इट्स ऑल राइट."

बाबांनी मान हलवली आणि बादलीतलं पाणी तुळशीला ओतलं.

पुढच्या आठवड्यात प्रमिला दुपारच्या ड्यूटीवर असताना मी तिच्या खाटेवरून तो चाकू उचलला. गांधीबागेतल्या एका शिंप्याकडून तिने त्याला कॅनव्हासचं म्यान शिवून घेतलं होतं. मी उजव्या हातात धरला. फुगवटा बोटांच्या पेरांवर आला आणि तळहात रिकामा राहिला. पुढचा उंचवटा अंगठ्याला टोचत होता. डाव्या हातात घेतला असता तर नीट बसला असता, पण मला उजव्याच हातात बसायला हवा होता. मी तो होता तसा ठेवून दिला. त्या महिन्यात मी एकदा एकटीच घरी गेले. बाबांनी माझ्या मागे फाटकापर्यंत पाहिलं आणि विचारलं, "प्रमिला नाही आली?"

मार्चमध्ये रामटेकच्या पलीकडे जंगलात एक्सरसाइज लागली. सिव्हिलमधल्या वाचकांना सांगायला हवं, की अशा सरावात जखमी खोटे असतात, पण बाकी सगळं खरं असतं. जवानाच्या गळ्यात कार्ड बांधतात. कार्डावर जी जखम लिहिली असेल ती त्याला झाली असं धरायचं. त्याला स्ट्रेचरवर पट्ट्यांनी खऱ्या पेशंटसारखं घट्ट बांधायचं, कारण पट्टा ढिला दिसला तर मार्क जातात. अम्पायर म्हणून आलेले अधिकारी मधूनच हुकूम सोडतात: हा पूल उडाला, ही गाडी सुरुंगावर गेली. मग ती गाडी रस्त्यात उभी असली तरी सगळ्यांनी ती गेली असं मानायचं. त्या सकाळीच अशा दोन गाड्या 'गेल्या' होत्या.

कॅज्युअल्टी व्हायला सगळे तयार असत. दिवसभर पडून राहायला मिळे. आमच्या अँब्युलन्समध्ये चौघे होते. त्यातला शिपाई बन्सीलाल पट्टे आवळताना म्हणाला, "सिस्टर, जांघ में गोली लगी है. चाय मिलेगी?"

"जांघ में लगी है, पेट में तो नहीं," प्रमिला म्हणाली. "मिलेगी."

ती मागे पेशंटजवळ बसली. मी पुढे, ड्रायव्हर नायक बलबीरच्या शेजारी. मागून जीपमध्ये सिग्नलमन होता. दुपारचे दोन वाजले असतील. वरच्या डोंगरात तासाभरापूर्वी गारपीट झाली होती. आमच्याकडे नुसती हवा गार झाली होती. नाल्यावरच्या रपट्यावर, म्हणजे पावसात पाण्याखाली जाणाऱ्या बुटक्या पुलावर, पाणी घोट्याएवढं होतं. बलबीरने गाडी घातली. मध्यावर इंजिन बंद पडलं. तो स्टार्टर मारत होता तेव्हा पाण्याचा रंग बदलला. मग लोंढा आला.

गाडी रपट्याच्या कडेला सरकली आणि दगडांवर डाव्या कुशीवर आडवी झाली. बलबीर आणि मी वरच्या दाराने बाहेर पडलो. मागचं दार दगडांनी दाबलं होतं, उघडेना. गाडीच्या मागच्या भागाचं छत आणि कुशी ताडपत्रीच्या होत्या. आतून माणसं ओरडत होती. खालच्या दोन स्ट्रेचरपर्यंत पाणी पोचलं होतं आणि चौघेही बांधलेले होते.

काठावरून वायरलेसवर बोलणाऱ्या सिग्नलमनचा आवाज ऐकू येत होता. आमचं सांकेतिक नाव हॉटेल फोर, मुख्य ठाण्याचं हॉटेल वन.

"हॉटेल फोर फॉर हॉटेल वन. अँब्युलन्स नाले में पलट गई. चार पेशंट और एक सिस्टर अंदर. मदद भेजो. ओव्हर."

"हॉटेल वन, रॉजर. पेशंट के कार्ड नंबर बताओ. ओव्हर."

"साब, गाड़ी सच में पलटी है. ओव्हर."

"हॉटेल फोर, यह किस अम्पायर ने डाला है? ओव्हर."

मी गाडीच्या वरच्या कुशीवर चढले, माझा चाकू काढला आणि ताडपत्रीवर मारला. पहिला घाव लागला. दुसऱ्या वेळी मूठ ओल्या हातात फिरली, पातं आडवं झालं आणि चाकू हातातून निसटून पाण्यात गेला. बाभळीची गोल मूठ. बाबा म्हणाले होते तसंच झालं.

तेवढ्यात माझ्या गुडघ्याजवळ ताडपत्री आतून फुगली आणि पात्याचं टोक वर आलं. वीतभर चीर पडली. त्या चिरेतून प्रमिलाचा डावा हात बाहेर आला. पातं तिने आपल्याकडे धरलं होतं, मूठ माझ्याकडे.

"बाहेरून काप. आतून जोर लागून नाही राहिला."

"पट्टे?"

"तिघायचे कापले. एकाचाच राहिला. त्याचं बक्कल मी हातानं काढतो. तू काप वं, बोलत नको बसू."

मी मूठ उजव्या हातात घेतली. ती बसली नाही. एकदा ओढली, पातं ताडपत्रीवरून सरकलं. मी चाकू डाव्या हातात घेतला. मी डावरी नाही. त्या हाताने मी कधी भाजीसुद्धा चिरलेली नाही. पण बोटं आपोआप जागेवर गेली, करंगळी बाकात अडली, तळहात भरला. मी वरून खालपर्यंत ताडपत्री फाडली. बलबीरने एकेकाला काखेत धरून वर ओढलं. तिघे निघाले. आत पाणी प्रमिलाच्या छातीपर्यंत होतं. बन्सीलालचं डोकं तिने एका हाताने वर धरलं होतं, दुसरा हात पाण्याखाली होता.

"प्रमिला, चाकू घे."

"आण."

मी चाकूसकट हात आत घातला. तिने वर पाहिलं. गाडी दगडांवरून सुटली.

मी पाण्यात पडले. बलबीरने माझा पट्टा धरून मला काठाला लावलं. सिग्नलमन अजून बोलत होता. आता पलीकडून कुणी कार्ड नंबर विचारत नव्हतं. बलबीर म्हणाला, "मैडम, हाथ खोलिए." तेव्हा मला कळलं की चाकू माझ्या डाव्या मुठीत आहे.

संध्याकाळी दोघं खालच्या वळणावर सापडली. बन्सीलालचा पट्टा सुटलेला होता. बक्कल तिने काढलं होतं. त्याच्या गळ्यातलं कार्ड तसंच होतं. त्यावर माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं: उजवी मांडी, किरकोळ.

प्रमिलाला इंदोऱ्यात निरोप दिला. बाबा आले होते. पलटणीची जुनी बेरे टोपी घालून ते गर्दीच्या मागे उभे होते. परतताना बसच्या थांब्यावर त्यांनी मला एकच प्रश्न विचारला.

"मूठ सुटली तर नव्हती तिच्या हातातून?"

"नाही. तिने मला दिली. माझी सुटली."

बस आली. ते खिडकीजवळ बसले आणि सक्करदऱ्यापर्यंत बाहेर पाहत राहिले.

चौकशी संपल्यावर चाकू प्रमिलाच्या आईकडे पाठवला. तिने मला बोलावून घेतलं. "आमच्याकडं भाजी कापाले विळी आहे," ती म्हणाली. "हे तुह्यापाशी राहू दे. तिनं तुलेच देल्लं होतं नं." मी तो घरी आणला. बाबांनी कंदील पुसायला घेतला होता. त्यांनी कापड बाजूला ठेवलं.

"हात दाखव."

मी उजवा हात पुढे केला. त्यांनी काजळी कालवली, माझ्या तळहाताला लावली. त्यांची बोटं खरखरीत होती आणि गार होती. किती दिवस मी याची वाट पाहिली होती, ते त्यांना ठाऊक नव्हतं. प्रमिलाला ठाऊक असावं, असं मला आता वाटतं. मी मूठ धरली आणि सोडली. ठसे नको त्या सगळ्या जागी उठले.

"तू मांगतलं काहून नाही?" बाबा म्हणाले. खाली मुठीकडे पाहत.

"तुम्ही विचारलं काहून नाही?"

'काहून' हा शब्द मी त्यांच्याशी बोलताना प्रथमच वापरला. त्यांनी वर पाहिलं. मग फुगवट्यावर बोट ठेवलं. "हे इथलं काढलं, आन तिकडून एक चिपोटी लावली, का तुह्या हाताले होते. दोन रविवारचं काम आहे."

त्यांनी कानस उचलली. लाकडाला लावली. मी त्यांच्या मनगटावर हात ठेवला, काळाच.

"राहू द्या बाबा."

त्यांनी कानस लगेच खाली ठेवली. त्यांनाही ती चालवायची नसावी. मनगटावरचा काळा ठसा त्यांनी बराच वेळ पुसला नाही.

पाच वर्षांनी मी सेवा सोडली. आता सिव्हिल रुग्णालयात आहे आणि बाबांशी त्यांच्या बोलीत बोलते, बरीचशी चुकत. दर मार्चमध्ये चाकू बाहेर काढून जवसाचं तेल लावते. बाबांचे डोळे गेले आहेत, तरी ते मूठ हातात घेऊन चाचपतात. आयुष्यात इतकी बरी मूठ त्यांच्या हातून दुसरी झाली नाही, असं आल्यागेल्याला सांगतात. "प्रमिलाची मूठ," असंच म्हणतात. माझ्या घरात, माझ्या कपाटात असलेल्या वस्तूला. मला अजून थोडं लागतं ते. लागू दे.

तेल मुरल्यावर मी तो एकदा डाव्या हातात धरते. बरोबर बसतो.

लेफ्टनंट प्रमिला गजभिये. शिपाई बन्सीलाल. त्याला चहा द्यायचा राहिला.